वरचा फुगतो, खालचा चिपटतो

आमची फियाट १९६८ सालची. कुर्ल्याच्या कारखान्यातून ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून बाहेर पडलेली, ‘पद्मिनी’ या नावाच्या बऱ्याच आधीची. रेडिएटरचे दोन्ही होस पाइप बदलून आणले आणि तिला एक विचित्र दुखणं जडलं. गावात, सिग्नलला गाडी थंड. हायवेला वेग धरला की दहा मिनिटांत तापलीच. कडेला घेऊन बॉनेट उघडावं तर सगळं जागच्या जागी : गळती नाही, पाणी भरलेलं, फॅनबेल्ट घट्ट. खरं तर वेगात वारा जास्त लागतो, गाडी थंड राहायला हवी.

मुळात तिथे रबर का लागतं? इंजिन रबरी माउंटिंगवर थरथरत असतं आणि रेडिएटर बॉडीला पक्का जखडलेला असतो. मध्ये धातूची नळी टाकली तर रेडिएटरचं डाखकाम काही दिवसांतच उकलेल. वरच्या पाइपातून इंजिनचं गरम पाणी रेडिएटरच्या डोक्यावर येतं, निवत खाली उतरतं आणि खालच्या पाइपातून वॉटर पंपाकडे परत जातं.

हे पाणी दाबाखाली असतं. कारण कुकरवालंच : दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. कुकरच्या शिट्टीला पाणी १२० अंशांच्या आसपास असतं. जुन्या गाड्यांच्या रेडिएटरच्या झाकणाचा दाब बहुधा कुकरच्या दाबाच्या निम्म्याहून कमी, तरी ११० अंशांपर्यंत पाणी उकळत नाही. घाटात या दाबाची किंमत कळते. दर ३०० मीटर चढाला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, म्हणजे खंडाळ्यात साधं पाणी ९८ अंशांलाच उकळतं. शिवाय तिथे इंजिन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडत असतं. गरम गाडीचं झाकण उघडू नये ते या दाबामुळेच. दाब सुटला की ते पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं.

आता रबर. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकासोबत तापवलं आणि त्याच्या लांब रेणूंमध्ये गंधकाचे पूल बांधले गेले. चिकट माल टिकाऊ झाला. पण नैसर्गिक रबराच्या साखळीत दुहेरी बंध उरतातच. हवेतला ओझोन नेमका त्यांच्यावर तुटून पडतो आणि पाइपाला बाहेरून बारीक भेगा पडतात. हल्लीचे पाइप बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, त्यामुळे ओझोनला धरायला जागाच नाही. म्हणून चाळीस वर्षं दुकानाच्या माळ्यावर पडलेला ‘ओरिजिनल’ पाइप शौकीन लोक जास्त पैसे मोजून आणतात, ते मला पटत नाही. रबर न वापरताही म्हातारं होतं.

ईपीडीएमचा शत्रू वेगळा, आणि तो आतून येतो. या गाडीत ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा. त्यांच्यामध्ये क्षार असलेलं पाणी, म्हणजे एक लहानशी बॅटरीच. रबरात काजळी मिसळलेली असल्याने तेही थोडी वीज वाहून नेतं. या विद्युत-रासायनिक क्रियेमुळे पाइपाच्या आतल्या अंगाला उभ्या सूक्ष्म चिरा पडतात, पाणी आतल्या दोऱ्याच्या विणीत शिरतं आणि एक दिवस पाइप फुटतो. बाहेरून तो तुकतुकीतच दिसत असतो. चिरा जास्त पडतात त्या टोकांशी. म्हणून थंड गाडीवर पाइप मध्यभागी नव्हे, टोक आवळणाऱ्या क्लिपच्या अलीकडे चिमटून बघायचा. मधल्यापेक्षा टोक मऊ लागलं, तर बदलायची वेळ झाली.

जुना पाइप काढताना पेचकसाने उचकटू नये. रेडिएटरचं नरडं पातळ पितळेचं असतं, ते लगेच चेमटतं. ब्लेडने पाइप उभा चिरून सालीसारखा सोलायचा. नरड्यावरचा पांढरा-हिरवा खर बारीक पॉलिश पेपरने घासायचा, कारण क्लिप कितीही आवळली तरी त्या खडबडीतून पाणी वाट काढतंच. नवा पाइप सरकत नाही म्हणून ग्रीस लावतात. ते टाळावं, तेलाने ईपीडीएम फुगतं. साबणाचं पाणी पुरतं, नाहीतर टोक मिनिटभर गरम पाण्यात धरावं. क्लिप नरड्याच्या उंच कडेच्या मागे बसवायची. दोन-तीनदा गाडी तापून निवली की दबलेलं रबर सैलावतं, तेव्हा क्लिप पुन्हा अर्धा वेढा आवळायची.

हे सगळं आमच्या गाडीवर नीट झालं होतं. मग एका रविवारी मी बॉनेट उघडं ठेवून पुढे उभा राहिलो आणि मुलीला म्हटलं, “हळूहळू रेस दे.” आवाज चढला तसा खालचा पाइप मध्येच आत ओढला गेला, घट्ट लस्सीत स्ट्रॉ चिपटावी तसा. “सोड,” म्हटलं, तर पुन्हा गोल.

वरच्या पाइपात पाणी ढकललं जातं, खालच्यातून पंप ते ओढतो. वेगात ओढ वाढते, आतला दाब पडतो आणि बाहेरची हवा मऊ पाइप दाबते. रस्ताच बंद, मग रेडिएटरला वारा कितीही लागो. गाडी थांबवून बॉनेट उघडेपर्यंत पुरावा नाहीसा.

जुना खालचा पाइप अजून डिकीत पडलेला होता. त्यात बोट घातलं, तर आत तारेची स्प्रिंग होती.