सॉफ्टटॉप गाडीला हार्डटॉप: आरटीओत अर्ज कुठे अडकतो

थार किंवा जिप्सीसारख्या जीपचं कापडी छत (सॉफ्टटॉप) काढून हार्डटॉप, म्हणजे पक्कं कडक छत, बसवायचा असेल, तर आधी परवानगी आणि मग काम. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये १४ दिवसांची मुदत आहे. ती वाचून लोकांना वाटतं, काम उरकायचं आणि दोन आठवड्यांत कळवायचं. पण ती मुदत परवानगी घेऊन केलेला बदल आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) चढवून घेण्यासाठी आहे. परवानगीच नसेल तर कलम १८२अ लागतं: प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा.

मागायचं काय, हे आधी ठरवा. उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. जिप्सी आणि थार या दोन्ही गाड्या कंपनीनेच सॉफ्टटॉप आणि हार्डटॉप अशा दोन्ही प्रकारांत विकल्या. त्यामुळे तुमच्याच मॉडेलचा कंपनीचा हार्डटॉप दाखवलात तर तुमची बाजू भक्कम राहते. फॅब्रिकेटरने पत्रा वाकवून बनवलेल्या छताला असा आधार नसतो. चासी (गाडीचा सांगाडा) कापणं, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) बदलणं याच्या नादाला लागू नका. बुलबार, म्हणजे पुढच्या बंपरवरचा धातूचा बार, तोही नको; त्यावर कारवाई करा, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. छतावरच्या स्पॉटलाइटलाही केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १११ आडवा येतो.

अर्ज परिवहनच्या पोर्टलवर वाहन फेरफाराच्या सेवेतून होतो. आरसी, चालू विमा, पीयूसी जोडा, फी भरा, तारीख घ्या. यात कोणी अडत नाही.

अडतात ते, परवानगी मिळून काम झाल्यावर, बिलावर. जीएसटी क्रमांक असलेलं, गाडीचा नंबर आणि भागाचं नाव लिहिलेलं पक्कं बिल हवं. गॅरेजवाले साध्या कागदावर ‘टॉप फिटिंग’ लिहून रक्कम टाकतात, आणि पैसे दिल्यावर पक्कं बिल मिळवणं फार जड जातं. आगाऊ रक्कम देतानाच बिलाचं ठरवून घ्या. गाडीवर लोन असेल तर बँकेची एनओसीही (ना हरकत पत्र) लागते. शाखेत नुसतं ‘एनओसी द्या’ म्हटलं तर लोन फिटल्याची एनओसी समजून अर्ज बाजूला पडतो. ‘बॉडी बदलास हरकत नाही’ असंच लिहून मागा.

दुसरी अडचण चासी नंबरची. तपासणीत निरीक्षक तो प्रत्यक्ष पाहतात, त्याची पेन्सिल प्रिंटही (अंकांवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) लागते. अंडरबॉडी कोटिंगचा (गाडीच्या खालच्या बाजूला गंज लागू नये म्हणून मारतात तो) जाड थर त्यावर बसला असेल तर अंक उमटत नाहीत. थिनर आणि कापडाने हलकेच पुसा. ग्राइंडर किंवा वायर ब्रश अजिबात लावू नका. अंक झिजले तर नंबरात छेडछाड केल्याचा संशय येतो आणि तो निस्तरणं छताच्या परवानगीपेक्षा कितीतरी अवघड असतं.

जुन्या जिप्सीवाल्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि नूतनीकरणाला गाडी पुन्हा तपासली जाते. मागच्या मालकाने न नोंदवलेलं छत तेव्हा उघडं पडतं, आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. विकत घेण्याआधीच आरसीवरचा बॉडी प्रकार आणि समोरची गाडी ताडून पाहा.

नवीन आरसी हातात आली की तिची प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीत नोंद करून घ्या. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा आरसी आणि गाडी जुळते का तेच पाहतो.