प्रवाळभित्तींवरील भक्षक माशांची मोजणी : पार्श्वभूमी

समुद्रतळावर दोरी अंथरायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना दिसणारे मासे पोहत पोहत मोजायचे, ही पद्धत 1954 साली हवाईमध्ये प्रथम नीट मांडली गेली. पुढच्या तीन दशकांत तिच्यात तपशिलाच्या सुधारणा होत राहिल्या. ग्रेट बॅरियर रीफवर 50 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद पट्टा रूढ झाला, तर 1986 साली फ्लोरिडातून एका जागी स्थिर राहून साडेसात मीटर त्रिज्येच्या वर्तुळातील मासे नोंदवण्याची पद्धत पुढे आली. या पद्धती मुख्यतः आपली जागा धरून राहणाऱ्या माशांना सोयीच्या होत्या. शार्क, मोठ्या ट्रेव्हली किंवा थोराड गोब्रे यांची नोंद ओघाने होत असे आणि तिच्यावर फारसे काही अवलंबून नसे.

ही स्थिती 2002 साली पालटली. वायव्य हवाईतील जवळजवळ निर्मनुष्य बेटांभोवती माशांच्या एकूण जैवभारात, म्हणजे एकत्रित वजनात, सर्वोच्च भक्षकांचा (ज्यांना सहसा दुसरे मासे खात नाहीत अशा शार्कसारख्या माशांचा) वाटा 54 टक्के, तर दाट वस्तीच्या मुख्य हवाई बेटांभोवती तो अवघा 3 टक्के, असे त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या तुलनेने दाखवले. 2008 साली मध्य प्रशांत महासागरातील किंगमन या निर्जन प्रवाळभित्तीवरून आलेला आकडा 85 टक्क्यांचा होता. भक्ष्य जास्त आणि भक्षक कमी हा नेहमीचा मनोरा येथे उलटा उभा होता, आणि माणसाचा हात न लागलेली प्रवाळभित्ती अशीच असते, असा निष्कर्ष त्यावरून निघाला. त्याच सुमारास, 2006 साली वायव्य हवाईच्या आणि 2009 साली किंगमन व त्याच्या जवळच्या पाल्मायरा या प्रवाळबेटाच्या समुद्राला संरक्षण मिळाले. ते योग्यच झाले, पण हे आकडे ज्या एका निर्णयावर उभे होते त्याची चर्चा तेव्हा पुरेशी झाली नाही.

मोजणाऱ्याने पट्ट्यात त्या क्षणी असलेलेच मासे धरायचे, की मोजणी चालू असताना पट्ट्यात शिरलेला प्रत्येक मासा धरायचा, हा तो निर्णय. मंद माशांच्या बाबतीत त्याने फारसा फरक पडत नाही. शार्कच्या बाबतीत मात्र सारे चित्रच बदलते. पाणबुडा सावकाश पुढे सरकत असतो आणि शार्क त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरत असतो. त्यामुळे मोजणी जितका वेळ चालेल तितके आसपासच्या मोठ्या क्षेत्रातले शार्क त्या चिंचोळ्या पट्ट्यातून जातात आणि सगळे त्या पट्ट्याच्याच नावावर जमा होतात. 50 बाय 5 मीटरचा पट्टा म्हणजे 250 चौरस मीटर. त्यात एक शार्क डोकावून गेला आणि पाटीवर त्याची नोंद झाली, की हिशेबाने ती घनता दर चौरस किलोमीटरला 4,000 शार्क इतकी होते. अनेक पट्ट्यांची सरासरी काढल्यावर हा फुगवटा उतरतो हे खरे, परंतु पूर्णपणे जिरत नाही. 2010 साली संगणकीय प्रतिमानांच्या आधारे हा दोष स्पष्टपणे दाखवून देण्यात आला.

उलट बाजूही समजून घ्यायला हवी. क्षणिक मोजणीचा नियम काटेकोरपणे पाळला, तर मोठ्या भक्षकांच्या रकान्यात बहुतेक पट्ट्यांसाठी शून्यच पडते आणि मोजक्या दिवसांच्या दूरच्या मोहिमेतून काहीच हाती लागत नाही. शिरलेला प्रत्येक मासा धरण्यामागे ही अडचण होती, बेफिकिरी नव्हती. तरीही माझ्या मते या बचावाची मजल फार पुढे जात नाही, कारण दोष सगळीकडे सारखा पडत नाही. निर्जन बेटांवरचे शार्क पाणबुड्याकडे कुतूहलाने येतात. जिथे मासेमारी होते तिथले मोठे मासे हवेच्या बुडबुड्यांचा आवाज होताच दूर सरतात. प्रशांत महासागरातील ग्वाम बेटाभोवती बुडबुडे न सोडणारे श्वसनयंत्र वापरल्यावर मासेमारीच्या जागी कितीतरी अधिक मासे दिसले, ते याचमुळे. म्हणजे एका टोकाला आकडा वर जातो आणि दुसऱ्या टोकाला खाली, व दोहोंतील दरी खरी असते त्याहून रुंद भासते.

2012 साली बोटीमागून ओढल्या जाणाऱ्या पाणबुड्यांच्या मोजणीचे निष्कर्ष आले. या पद्धतीत सुमारे 50 मिनिटांत दोन किलोमीटरहून अधिक लांबीचा पट्टा पाहून होतो आणि फक्त मोठे मासे नोंदवले जातात, त्यामुळे फुगवटा बराच कमी असतो. तरीसुद्धा प्रशांत महासागरातील वस्तीच्या बेटांभोवती शार्कची संख्या 90 टक्क्यांहून अधिक घटल्याचाच अंदाज निघाला. निर्जन भित्तींचा आकडा फुगलेला होता म्हणून ऱ्हासच झालेला नाही, असा अर्थ काढणाऱ्यांनी हे निष्कर्ष लक्षपूर्वक वाचायला हवेत. पुढे 2017 साली पाल्मायरावर अनेक वर्षे खुणा लावून सोडलेल्या करड्या शार्कच्या पुनर्भेटींवरून त्यांची संख्या सुमारे 8,300, म्हणजे चौरस किलोमीटरला 21च्या आसपास, अशी काढण्यात आली. पट्ट्यांवरून आधी काढलेल्या घनता याच्या अनेक पट होत्या. अर्थात उलटा मनोरा हा निव्वळ मोजणीचा भास आहे, असेही म्हणता येत नाही. फ्रेंच पॉलिनेशियातील फाकारावाच्या दक्षिण खाडीत शेकडो करडे शार्क खरोखर एकत्र राहतात. विणीसाठी बाहेरून येणाऱ्या हजारो गोब्र्यांवर त्यांचा निभाव लागतो, हे 2016 साली दिसून आले.

लक्षद्वीपमधील बित्रा येथेही अशाच विणीच्या मेळाव्यात चौकोनी शेपटीच्या गोब्र्यांची घनता हेक्टरी 3,600 च्या घरात आढळली होती. हा मेळावा मोजक्या दिवसांपुरता भरतो. बाकीच्या काळात त्याच जागी पट्टा टाकला तर त्याचा मागमूसही लागणार नाही.

अलीकडे पाणबुड्यांपेक्षा कॅमेऱ्यावर भर वाढला आहे. आमिष बांधलेला कॅमेरा तळाशी ठेवून एका तासाच्या चित्रणात एकाच चौकटीत एकाच वेळी जास्तीत जास्त किती मासे दिसले तेवढेच धरायचे, हा नियम आता सर्वत्र मान्य आहे. तोच शार्क पुन्हा पुन्हा मोजला जाण्याचा प्रश्न त्यात उरत नाही. या रीतीने 58 देश-प्रदेशांतील 371 प्रवाळभित्ती तपासल्या गेल्या आणि त्यांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्यावर एकही शार्क दिसला नाही, असे 2020 साली जाहीर झाले. आमिषाचा वास किती दूर पोहोचतो हे प्रवाहावर ठरत असल्याने या आकड्यांचे घनतेत रूपांतर मात्र सरळ करता येत नाही. न्यू कॅलिडोनियात पाण्यातील डीएनएच्या अवघ्या 22 नमुन्यांतून इतक्या जातींचे शार्क ओळखले गेले, की पाणबुड्यांच्या आणि कॅमेऱ्यांच्या मिळून सुमारे तीन हजार नोंदींपेक्षा ती संख्या 44 टक्क्यांनी अधिक भरली. पण त्यातून जाती कळतात, डोकी नाहीत.

नोव्हेंबर 2022 मध्ये करडा शार्क ज्या कुळात मोडतो त्या संपूर्ण कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित करण्याचे ठरले. त्यानुसार निर्यात करणाऱ्या देशाने या निर्यातीने जातीच्या अस्तित्वाला धोका पोहोचत नाही असा दाखला द्यावा लागतो, आणि तो देताना कोणत्या मोजणीचा आकडा प्रमाण मानायचा हा प्रश्न त्या त्या देशाच्या अधिकाऱ्यांसमोर आता येऊन ठेपला आहे.