एक शाई पळणारी, एक थांबणारी

प्लास्टिकच्या चकतीवर संगमरवरासारख्या रंगीत लहरी, आणि त्यांवर रबरी शिक्क्यानं उमटवलेलं काळं पान किंवा मोर. हाताने केलेल्या कानातल्यांचा हा प्रकार दिसायला छंदवर्गातला, पण त्यात एक भांडण आहे. लहरींसाठी शाई पळाली पाहिजे. शिक्क्याची शाई जागची हलता कामा नये. आणि दोघींना नांदायचंय एकाच चकतीवर.

लहरींची शाई म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेला रंग. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाची आकसून राहायची ओढ, साधारण 72 मिलिन्यूटन प्रति मीटर, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम 22. त्यामुळे न शोषणाऱ्या प्लास्टिकवर पाणी थेंब धरून बसतं, अल्कोहोल मात्र पसरत जातं. थेंबाची कड आधी वाळते, ती भरून काढायला मधला द्रव कडेकडे वाहतो आणि रंगही सोबत नेतो. म्हणून डागाला गडद किनार येते. कॉफीच्या डागाची कड गडद का, याचं उत्तर शिकागोतल्या संशोधकांनी 1997 मध्ये असंच दिलं. अर्धवट वाळलेल्या रंगावर नुसत्या अल्कोहोलचा थेंब टाकला की तिथला ताण कमी होतो, भोवतालचा जास्त ताणाचा द्रव त्याला ओढतो आणि मधोमध फिकट डोळा उघडतो. कार्लो मारांगोनी या इटालियन शास्त्रज्ञानं 1865 मध्ये अशा प्रवाहांवर लिहिलं, त्याचंच नाव या परिणामाला मिळालं. तुर्कस्तानातल्या एब्रू कलेत पाण्यावर रंग पसरवायला बैलाचं पित्त वापरतात, तेही ताण कमी करण्यासाठीच.

नागपुरात यात हवामान ढवळाढवळ करतं. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असताना अल्कोहोल बघता बघता उडून जातं, लहरींना फिरायला वेळच मिळत नाही. वर कूलरचा झोत एकाच बाजूने आला तर थेंब त्या बाजूने आधी वाळतो आणि नक्षी कलते. पावसाळ्यात उलटी अडचण: उडणारं अल्कोहोल पृष्ठभाग गार करतं, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पांढुरकी झाक येऊ शकते. घरातलं सॅनिटायझर वापरू नये. त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, आणि ते उडत नाही. चकती चिकट राहते.

ऑफिसचं शिक्क्याचं पॅड इथे का चालत नाही, याचं कारणही ग्लिसरीनसारखे सावकाश उडणारे द्रवच. पॅड ओलं राहावं म्हणून ते घातलेले असतात. कागद ती शाई शोषून घेतो, प्लास्टिक घेत नाही, आणि बोट लागलं की मोर गेला. तेव्हा शिक्क्यालाही चटकन उडणाऱ्या द्रावकाची शाई लागते. मग ती खालच्या लहरी विरघळवत नाही का? थोड्या विरघळतात. पण शिक्क्यावर द्रावक इतकं कमी असतं की पसरायच्या आत ते उडून जातं. क्रम उलटा केला, म्हणजे आधी शिक्का आणि मग अल्कोहोल, तर काळी रेघ वाहून जायचा धोका. लाकडावरचं स्पिरिट पॉलिशही अल्कोहोलमधलंच, ते चकतीवर ब्रशने फिरवलं तरी तेच होईल.

मला सगळ्यात गमतीचा वाटतो तो शेवटचा टप्पा. ही चकती ताणून थंड केलेल्या पॉलिस्टायरिन या प्लास्टिकची असते. 100 अंश सेल्सियसच्या वर तापली की त्यातल्या रेणूंच्या ताणलेल्या साखळ्या पुन्हा गुंडाळल्या जातात आणि चकती आकसते. नागपूरच्या उन्हाचं हे काम नव्हे, ओव्हन किंवा हीट गनच हवी. लांबी-रुंदी 40 टक्क्यांवर आली तर क्षेत्रफळ उरतं 16 टक्के, आणि घनफळ तेवढंच असल्यानं जाडी सहापट होते. रंगही सहापट दाट होतो, म्हणून रंगवताना तो फिका वाटेल इतपतच ठेवावा. 10 सेंटीमीटरचा ढोबळ शिक्का 4 सेंटीमीटरची नाजूक नक्षी होऊन बाहेर येतो.

तापवण्याआधी अल्कोहोल पूर्ण उडू द्यावं. आयसोप्रोपिलची वाफ साधारण 12 अंशांपासूनच पेट घेऊ शकते. त्यामुळे खिडकी उघडी, गॅस बंद. आणि डाग पुसायला नेलपेंट रिमूव्हर घेऊ नये, कारण त्यातलं अॅसिटोन रंगासोबत चकतीही विरघळवतं.