गाडीला सावली, कार्यालयाला वीज

सार्वजनिक इमारतींचं वीजबिल हा शहराच्या अंदाजपत्रकातला न चुकणारा खर्च. कार्यालयांतले एसी, रुग्णालयातली चोवीस तास चालणारी यंत्रं, ग्रंथालयातले दिवे, पाणीपुरवठ्याचे पंप, या सगळ्यांचं बिल दर महिन्याला येतं आणि ते करदात्यांच्या पैशातूनच भरावं लागतं. ते कमी करण्यासाठी जगातली अनेक शहरं आता आपल्याच आवारातल्या एका जागेकडे वळली आहेत. ती जागा म्हणजे उघडं पार्किंग. उभ्या गाड्यांच्या वर लोखंडी सांगाडा, पत्र्याऐवजी त्यावर सौर पॅनेल आणि त्यांची वीज थेट शेजारच्या इमारतीत. याला सोलर कारपोर्ट म्हणतात.

मला ही कल्पना मनापासून पटते, कारण तिच्यासाठी शेतजमीन लागत नाही आणि झाडं तोडावी लागत नाहीत. डांबर घातलेली, दिवसभर तापणारी जागा शहराच्या मालकीची असतेच. पण या योजनेच्या बातम्यांमध्ये किती पॅनेल बसली आणि किती किलोवॅटची उभारणी झाली एवढंच सांगतात. बिल किती कमी होणार हे मात्र ती वीज दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणत्या इमारतीत वापरली जाते यावर जास्त अवलंबून असतं.

आधी जागेचा हिशेब पाहू. एका गाडीसाठी साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात दर चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊर्जा पडते. आजची चांगली पॅनेल त्यातली २० ते २२ टक्के विजेत बदलतात. म्हणजे एका गाडीच्या छपरावर साधारण अडीच किलोवॅटची पॅनेल मावतात. दोनशे गाड्यांच्या पार्किंगवर ५०० किलोवॅट. भरपूर ऊन असलेल्या प्रदेशात एक किलोवॅट वर्षाला १,३०० ते १,५०० युनिट देतो, त्यामुळे एवढ्या एका पार्किंगमधून वर्षाला साडेसहा ते साडेसात लाख युनिट निघू शकतात.

हे आकडे कागदापुरते नाहीत. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराच्या प्राणिसंग्रहालयाने २०११ मध्ये आपल्या पार्किंगवर ६,४०० पॅनेल चढवली. सुमारे एक हजार गाड्यांच्या जागेपैकी आठशे जागांवर छप्पर आलं आणि क्षमता झाली १.५६ मेगावॅट, म्हणजे गाडीमागे जवळपास दोन किलोवॅट. संग्रहालयाच्या वर्षभराच्या विजेच्या गरजेतला सुमारे पाचवा हिस्सा त्यातून भागू लागला. त्या वेळच्या एका पॅनेलची क्षमता होती साधारण २४० वॅट. आज बाजारात मिळणारी पॅनेल ४०० ते ५५० वॅटची असतात. त्यांचा आकारही वाढला आहे, पण तेवढ्याच क्षेत्रफळातून आता जास्त वीज मिळते हेही खरं.

पॅनेलमध्ये वीज तयार होते ती सिलिकॉनच्या पातळ चकत्यांमध्ये, म्हणजेच सौर घटांमध्ये. प्रकाश पडल्यावर विद्युतप्रवाह निर्माण होऊ शकतो हे फ्रेंच शास्त्रज्ञ एदमों बेकरेल यांनी १८३९ मध्ये पाहिलं होतं. पण कामाला येईल असा सिलिकॉनचा सौर घट १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला आणि त्याची कार्यक्षमता जेमतेम सहा टक्के होती. प्रकाशाचा कण पुरेशी ऊर्जा घेऊन आला की तो सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनला त्याच्या जागेवरून मोकळा करतो. चकतीच्या आत मुद्दाम तयार केलेलं विद्युतक्षेत्र त्या इलेक्ट्रॉनला एका बाजूला ढकलतं आणि तारांमधून प्रवाह सुरू होतो. कमी ऊर्जेचे कण वाया जातात आणि जास्त ऊर्जेच्या कणांची उरलेली ऊर्जा उष्णता होते. म्हणूनच साध्या सिलिकॉन घटाला सैद्धांतिकदृष्ट्याही साधारण एक तृतीयांशाच्या पुढे जाता येत नाही.

ही उष्णता पॅनेललाच नडते. पॅनेलची छापील क्षमता घटाचं तापमान २५ अंश सेल्सिअस धरून मोजलेली असते. त्यापुढे तापमान एका अंशाने वाढलं की उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटतं. उन्हाळ्यात घट ६० अंशांवर गेला, तर दहा-बारा टक्के वीज तिथेच गेली. गच्चीला किंवा पत्र्याला चिकटवून बसवलेल्या पॅनेलच्या मागे हवा कोंडते. कारपोर्टला खालून आणि चारही बाजूंनी वारा मिळतो, त्यामुळे ती तुलनेने थंड राहतात. विजेच्या हिशेबात कारपोर्टची ही जमेची बाजू आहे, आणि तिचा उल्लेख फार क्वचित होतो.

तोच वारा अभियंत्यांची झोप मात्र उडवतो. बाजूंनी उघड्या, थोड्या तिरक्या छपराखाली वारा शिरला की ते उघड्या छत्रीसारखं वर उचललं जातं. म्हणजे इथे पाया वजन पेलण्याइतकाच छप्पर खाली धरून ठेवण्यासाठीही लागतो. त्यासाठी खांबागणिक जमिनीत खोल काँक्रीट घालावं लागतं, आणि शहराच्या जमिनीखाली पाण्याच्या लाइन, गटारं, विजेच्या केबल पसरलेल्या असतात. त्यांचा नीट नकाशा नसेल तर काम खणतानाच रखडतं. छप्पर इतकं उंच हवं की अग्निशमन दलाची आणि कचऱ्याची गाडी खालून जाऊ शकेल, किंवा त्यांच्यासाठी वेगळा मार्ग तरी मोकळा सोडायला हवा. खांब गाडीच्या दारात येता कामा नये. पावसाचं पाणी दोन पॅनेलच्या फटीतून माणसांच्या डोक्यावर न पडता पन्हळीतून खाली उतरायला हवं. हे सगळं लोखंड, काँक्रीट आणि खोदकाम मिळून कारपोर्टची वीज गच्चीवरच्या विजेपेक्षा महाग पडते.

मग आधी गच्चीच का भरू नये? भरावीच, असं माझं मत आहे. गच्ची मजबूत आणि मोकळी असेल तर पहिली पॅनेल तिथेच जावीत. पण जुन्या सरकारी इमारतींच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, एसीची यंत्रं आणि मनोरे यांनी निम्मी जागा अडवलेली असते. कधी स्लॅबच एवढा भार घेण्याच्या अवस्थेत नसतो. आणि दहा मजल्यांची इमारत असली तरी गच्ची एकाच मजल्याएवढी. तिच्यावरची वीज दहा मजल्यांना कुठून पुरणार? अशा इमारतीला शेजारचं मोठं पार्किंगच तारू शकतं.

सावलीचं एक प्रकरण मात्र जवळून पाहण्यासारखं आहे. एक घट जेमतेम अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब देतो, म्हणून पॅनेलमध्ये असे अनेक घट एकामागे एक जोडलेले असतात. अशा जोडणीत सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे सर्वांत दुबळा घट बाकीच्यांना अडवतो. दिव्याच्या खांबाची सावली किंवा पक्ष्याची वाळलेली विष्ठा एका घटावर पडली की तो वीज देण्याऐवजी बाकीच्यांची वीज खाऊन तापू लागतो. तो जळू नये म्हणून पॅनेलमध्ये सहसा तीन बायपास डायोड बसवतात. प्रवाह दुबळ्या भागाला वळसा घालून जातो, पण तळहाताएवढ्या डागापायी पॅनेलचा एक तृतीयांश भाग कामातून जातो. पार्किंगमध्ये धूळही भरपूर. म्हणून धुण्याचं वेळापत्रक आणि त्यासाठी पाण्याची सोय कंत्राटातच लिहिलेली हवी.

आता मूळ मुद्द्याकडे, बिलाकडे येऊ. सूर्य आणि कार्यालय यांचं वेळापत्रक छान जुळतं. सकाळी दहानंतर माणसं येतात, एसी सुरू होतात, आणि त्याच सुमाराला पॅनेलही जोरात असतात. इमारतीने जागेवर वापरलेलं प्रत्येक युनिट म्हणजे पूर्ण दराने वाचलेलं युनिट. उरलेली वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात, सोडली तर तिला बऱ्याच ठिकाणी खरेदीच्या दरापेक्षा कमी मोबदला मिळतो. आठवड्यातले पाचच दिवस चालणाऱ्या कार्यालयाचा विचार करा. सात दिवसांपैकी दोन दिवसांचं, म्हणजे जवळपास २९ टक्के उत्पादन अशा वेळी होतं जेव्हा आत कोणी नसतं. शाळेच्या लांब सुट्ट्या बऱ्याच देशांत नेमक्या सर्वाधिक उन्हाच्या महिन्यांत येतात. रुग्णालय आणि पाणी शुद्धीकरण केंद्र मात्र रविवारीही सुरूच असतं.

पाण्याच्या पंपांचं मला विशेष वाटतं, कारण त्यांची वेळ बदलता येते. दहा लाख लिटर पाणी तीस मीटर उंच चढवायला पंपात वाया जाणारी ऊर्जा धरून साधारण १२० युनिट लागतात. वर सांगितलेलं ५०० किलोवॅटचं कारपोर्ट भर उन्हात एवढी वीज वीस मिनिटांच्या आत देतं. रात्री भरली जाणारी टाकी दुपारी भरली, की पाण्याच्या रूपात ऊर्जा साठवल्यासारखंच झालं, तेही बॅटरीचा खर्च न करता. टाकीची क्षमता पुरेशी हवी आणि पाणीपुरवठ्याच्या वेळा तपासायला हव्यात, एवढंच.

बिलाचा दुसरा भाग फसवा असतो. मोठ्या ग्राहकाला युनिटांखेरीज महिन्यातल्या सर्वोच्च मागणीचेही, म्हणजे एका वेळी ओढलेल्या सर्वाधिक विजेचेही, पैसे द्यावे लागतात. ही मागणी बहुतेक ठिकाणी १५ किंवा ३० मिनिटांच्या टप्प्याने मोजतात. महिनाभर लख्ख ऊन असलं आणि एकाच दुपारी ऐन गर्दीच्या वेळी काळे ढग दाटले, तर त्या अर्ध्या तासात इमारत ग्रिडमधून पूर्वीएवढीच वीज ओढते आणि मागणीपोटी जवळपास पूर्वीइतकेच पैसे भरावे लागतात. युनिट कमी झाली, तरी बिल त्या प्रमाणात उतरत नाही. यावर उपाय आहेत. छोटी बॅटरी तेवढा अर्धा तास सांभाळू शकते, किंवा एसीची यंत्रणा थोडा वेळ मंद करता येते. पण बचतीचा अंदाज नुसत्या युनिटांवर मांडला असेल, तर नंतर मनस्ताप अटळ आहे.

आणखी एक गोष्ट लोकांना चकित करते. ग्रिडची वीज गेली की साधं सौर कारपोर्टही बंद पडतं, डोक्यावर कितीही ऊन असलं तरी. पॅनेलची वीज इमारतीला वापरता येईल अशी करून देणारा इन्व्हर्टर तसं मुद्दामच करतो, कारण बंद समजून लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या तारेत उलटी वीज जाणं जिवावर बेतू शकतं. रुग्णालयाला अशा वेळीही सौर वीज हवी असेल, तर बॅटरी आणि ग्रिडपासून वेगळं होऊन चालणारा इन्व्हर्टर सुरुवातीलाच मागावा लागतो.

फ्रान्सने १० मार्च २०२३ च्या कायद्याने दीड हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या उघड्या पार्किंगचा निम्मा भाग सौर छपराने झाकणं बंधनकारक केलं. त्यातलं एक कलम मला फार आवडलं. जिथे निम्म्या जागेवर आधीच झाडांची सावली आहे, त्या पार्किंगला सूट दिली. डांबर दिवसभर उष्णता साठवतं आणि रात्री सोडत राहतं. सौर छप्पर ही साठवण रोखतं. पॅनेल स्वतः दिवसा तापतात, पण पातळ असल्याने सूर्यास्तानंतर लवकर निवतात. झाड तर पानांतून पाणी सोडून हवाही गार करतं, तेव्हा वाढलेलं झाड तोडून पॅनेल बसवणं हा कुठल्याच हिशेबात न बसणारा व्यवहार आहे.

पैसा उभा करायला शहरं बहुधा दोन वाटा धरतात. स्वतः गुंतवणूक केली तर बचत सगळी आपली, पण देखभालही आपलीच, आणि पॅनेल २५ ते ३० वर्षं टिकली तरी इन्व्हर्टर मध्येच एकदा बदलावा लागतो. दुसऱ्या वाटेत कंपनी स्वतःच्या खर्चाने कारपोर्ट उभारते आणि शहर ठरलेल्या दराने तिची वीज घेतं. यात दरवर्षी दर किती वाढणार हे कलम बारकाईने वाचावं, कारण वीस वर्षांत त्याचा फरक मोठा होतो.

निविदा काढण्यापूर्वी प्रत्येक इमारतीच्या मीटरची वर्षभराची, पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद वीज कंपनीकडून मागून घ्यावी. आधुनिक मीटरमध्ये ती असते. त्या नोंदीशेजारी त्याच पार्किंगच्या अपेक्षित सौर उत्पादनाचा आलेख ठेवला, की दुपारी दोन्ही रेषा कुठे जुळतात आणि रविवारी कुठे फाकतात ते दिसतं, आणि पहिलं कारपोर्ट रुग्णालयापाशी उभारायचं की मुख्य कार्यालयासमोर याचं उत्तर त्या आलेखातूनच मिळतं.