घड्याळातले पाच झोन आले कुठून?

हल्ली पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही रनिंग ग्रुपमध्ये रविवारचा लाँग रन झाला की आधी स्क्रीनशॉट पडतो आणि मग वाद सुरू, "हा कसला झोन टू, हा तर थ्री आहे". झोन म्हणजे पळताना मिनिटाला हृदयाचे किती ठोके पडतात त्यावरून घड्याळाने पाडलेले सोप्यापासून जोरापर्यंतचे पाच टप्पे. गंमत म्हणजे हे झोन कुणी एका माणसाने बसून ठरवलेले नाहीतच. यातला एकेक आकडा वेगळ्या देशातून आलाय, वेगळ्या माणसांवर निघालाय आणि बऱ्याचदा वेगळ्याच कामासाठी, नंतर सगळे एका घड्याळात येऊन बसले इतकंच.

पळणाऱ्याची नाडी मोजून ट्रेनिंग ठरवायचं हे नीट सुरू झालं जर्मनीत, १९३० च्या दशकात. वोल्डेमार गेर्शलर हा कोच आणि हर्बर्ट राइंडेल हा हार्टचा डॉक्टर, या दोघांची जोडी. त्यांची पद्धत अशी की वॉर्मअप करून ठोके १२० पर्यंत आणायचे, मग १००-२०० मीटर जोरात पळून १८० च्या आसपास न्यायचे आणि थांबून वाट बघायची, दीड मिनिटात परत १२०-१२५ वर आले तर पुढचा रिपीट, नाही आले तर आजचा दिवस संपला, घरी जा. म्हणजे ते बघत होते रिकव्हरी, पळताना किती ठोके पडतात याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की हृदय तयार होतं ते त्या मधल्या विश्रांतीत. गेर्शलरचा चेला रुडॉल्फ हार्बिग १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १:४६.६ मध्ये पळाला, आधीच्या रेकॉर्डपेक्षा तब्बल १.८ सेकंद कमी, आणि ते रेकॉर्ड १९५५ पर्यंत कुणाला मोडता आलं नाही. हार्बिग स्वतः १९४४ मध्ये युद्धात मारला गेला. आणि हे सगळं मानेवर किंवा मनगटावर दोन बोटं ठेवून, हातात स्टॉपवॉच! दहा सेकंद मोजून सहाने गुणलं तर एक ठोका चुकला की मिनिटाला सहाचा फरक, त्यात थांबल्या थांबल्या नाडी उतरायला लागते ते वेगळंच.

पुढचा मोठा टप्पा फिनलंड, १९५७. मार्टी कार्व्होनेन आणि सहकाऱ्यांनी हातावर मोजण्याइतके मेडिकलचे विद्यार्थी ट्रेडमिलवर पळवले आणि सांगितलं की नुसते मॅक्स ठोके, म्हणजे पूर्ण जोर लावल्यावरचे जास्तीत जास्त ठोके, बघून भागत नाही, मॅक्समधून रेस्टिंग म्हणजे निवांत पडल्यावरचे ठोके वजा केल्यावर जी जागा उरते त्याचे टक्के काढा आणि त्यात रेस्टिंग परत मिळवा. फरक किती पडतो ते बघा. मॅक्स १८०, रेस्टिंग ६०. मॅक्सचे ७० टक्के म्हणजे १२६, आणि कार्व्होनेनच्या हिशोबाने ७० टक्के म्हणजे १४४. एकच माणूस, तेच ७० टक्के आणि १८ ठोक्यांचा फरक. बऱ्याच घड्याळांच्या सेटिंगमध्ये हे दोन्ही पर्याय असतात, ग्रुपवरचे अर्धे वाद तिथेच मिटतील असं माझं मत, पण सेटिंग उघडतंय कोण.

आता मॅक्स ठोके काढायचा बदनाम फॉर्म्युला, २२० वजा वय. हा रनिंगमधून आलेलाच नाही. १९७० च्या आसपास अमेरिकेत सॅम्युअल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल हे दोघे हार्ट पेशंटना किती व्यायाम द्यावा यावर काम करत होते, तेव्हा आधी छापून आलेल्या काही अभ्यासांचे आकडे कागदावर मांडून त्यांनी अंदाजाने एक रेघ ओढली. हा काही काटेकोर नियम नव्हता असं हॅस्केलनेच नंतर सांगितलं, पण तोवर तो जिमच्या भिंतीवरच्या तक्त्यात जाऊन बसला होता. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी शेकडो अभ्यास एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असा नवा फॉर्म्युला दिला. चाळिशीत दोन्हीकडून १८० च येतात, साठीत मात्र जुना १६० म्हणतो आणि नवा १६६. तरी तीही सरासरीच, एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज असतो. त्यामुळे साठीच्या काकांचे चढावर १७२ ठोके दिसले की लगेच घाबरवायचं कारण नाही, त्रास होत नसेल तर मॅक्सचा आकडाच चुकीचा असण्याची शक्यता जास्त, शंका असेल तर डॉक्टरकडून स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी.

पळता पळता ठोके दिसायला लागले ते परत फिनलंडमुळेच. औलू विद्यापीठातले प्रोफेसर सेप्पो सायनायाकांगास यांच्याकडे स्कीइंगच्या एका कोचचं गाऱ्हाणं आलं की पोरं बर्फावर पळत असताना नाडी मोजता येत नाही. त्यातून १९७७ मध्ये शेजारच्या केंपेले गावात पोलार कंपनी निघाली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला छातीचा पट्टा आणि मनगटावरचं घड्याळ, मधे वायर नाही, असा स्पोर्ट टेस्टर बाजारात आला. नेमकं १९८२ मध्येच इटलीतल्या फेरारा इथल्या फ्रांचेस्को कॉन्कोनी यांची टेस्ट प्रसिद्ध झाली, की ट्रॅकवर हळूहळू स्पीड वाढवत न्या, ठोके सरळ रेषेत चढतात आणि एका जागी रेघ वाकते, तोच तुमचा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या वर जोर फार वेळ टिकत नाही ती सीमा. कोच लोक खूश, रक्त काढायला नको. पण ती वाकलेली जागा बऱ्याच रनर्समध्ये सापडतच नाही असं नंतरच्या संशोधकांनी दाखवलं, आणि कॉन्कोनींचं नाव पुढे डोपिंगच्या प्रकरणात आलं ती वेगळीच कहाणी. थ्रेशोल्डचे ठोके धरून झोन पाडायची कल्पना मात्र टिकली.

त्याच काळात अमेरिकेत फिल मॅफेटोन हा खेळाडूंना ट्रेनिंग सांगणारा माणूस १८० वजा वय सांगत होता, ट्रेनिंगमध्ये ठोके या आकड्याच्या वर न्यायचेच नाहीत म्हणे. ट्रायथलीट (पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ करणारा) मार्क ॲलनने ते ऐकलं आणि सुरुवातीला त्याला लाज वाटेल इतकं हळू, मैलाला आठ मिनिटांच्या वर पळावं लागलं. हाच ॲलन १९८९ मध्ये हवाईच्या आयर्नमॅन या लांब ट्रायथलॉनमध्ये प्रतिस्पर्धी डेव्ह स्कॉटला ५८ सेकंदांनी हरवून पहिल्यांदा जिंकला आणि पुढे एकूण सहा वेळा. हल्ली ज्यांच्या तोंडी सारखं ८०-२०, म्हणजे ८० टक्के सोपं आणि २० टक्के जोराचं ट्रेनिंग, असतं तो आकडा संशोधक स्टीफन सायलर यांचा, नॉर्वेत स्थायिक झालेला अमेरिकन माणूस, एलिट खेळाडूंच्या डायऱ्या बघून काढलेला. त्यात एक बारीक गोष्ट सुटते, हे ८०-२० सेशन मोजून आहे. मिनिटं मोजली तर सोपं पळणं नव्वद टक्क्यांच्या आसपास जातं, कारण इंटर्व्हलच्या, म्हणजे थांबून थांबून जोरात पळायच्या, दिवशीही वॉर्मअप आणि मधली विश्रांती असतेच.

रेसमध्ये मात्र या आकड्यांची बरीच गोची होते. स्टार्टला उत्साहानेच ठोके वर असतात, आणि उन्हात, दमट हवेत तासाभराने पेस (वेग) तोच ठेवला तरी ते चढत जातात, कारण घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, त्वचेकडे रक्त जास्त वळतं आणि दर ठोक्याला कमी रक्त पुढे ढकललं जातं. मुंबई मॅरेथॉनला परतीचा पेडर रोडचा चढ पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येतो, ऊन वर आलेलं असतं, तिथे पहाटेच्या मरीन ड्राइव्हवरचा आकडा धरून बसलात तर चालतच जावं लागेल. म्हणून अनुभवी लोक अर्ध्या रेसपर्यंत ठोक्यांना वरची मर्यादा ठेवतात आणि पुढे घड्याळाकडे बघणं सोडून देतात. आणि मनगटाचा सेन्सर असेल तर सुरुवातीला अचानक १७५ दिसलं तर आधी पावलं मोजा, पुष्कळदा तो ठोक्यांऐवजी तुमचा केडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलंच, पकडून बसलेला असतो, छातीच्या पट्ट्याला हा त्रास होत नाही.