अडुळशाचा रस निघत नाही? आधी हे वाचा

आमच्याकडून अडुळशाचं रोप नेलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, पानं मिक्सरला लावली, फडक्यातून पिळली तरी रस येतच नाही, रोपात काही गडबड आहे का? रोप चांगलंच आहे हो. अडुळशाचं कच्चं पान कितीही पिळा, रस फारसा सुटत नाही, म्हणून तर आयुर्वेदात पुटपाक सांगितलाय, पानं गुंडाळून वरून मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायची आणि मग पिळायची. घरी एवढा खटाटोप नको, धुतलेली पानं इडलीपात्रात १० मिनिटं वाफवा, कोमट झाली की फडक्यात घालून दाबा, हिरवागार कडूजहर रस मिळतो. मोठ्या माणसाला दोन चमचे, त्यात थोडा मध, मध मात्र रस कोमट असतानाच घाला.

पावडर नेली असेल तर एक चमचा दोन कप पाण्यात मंद आचेवर निम्मं होईपर्यंत उकळा, गाळा, झालं.

छातीत घट्ट कफ अडकलाय, खोकून खोकून सुटत नाही, अशा खोकल्याला हा पूर्वीपासून देतात. पानात वासिसिन नावाचं द्रव्य असतं (अडुळशाचं संस्कृत नाव वासा, त्यावरूनच ते नाव), आणि कफ पातळ करायला डॉक्टर देतात ते ब्रोमहेक्सिन याच वासिसिनवरून बनवलं गेलं. म्हणजे आजीचा काढा आणि ते सिरप लांबचे का होईना नातेवाईकच. ग्रंथात रक्तपित्तावरही (नाकातोंडातून वगैरे रक्त पडणं) वासा सांगितलाय, पण खोकल्यातून रक्त पडत असेल तर कृपया काढा करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन-तीन आठवडे खोकला हटत नसेल तरी तेच.

आणि हे कुणी विचारत नाही तरी आम्ही प्रत्येकाला सांगतोच, गरोदर बाईला अडुळसा अजिबात देऊ नका, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही, त्यामुळे हे मिश्रणही नाही.

रोपाचं म्हणाल तर फार लाड लागत नाहीत. पानं इतकी कडू की बकरीसुद्धा सहसा तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला लावतात. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची, दोन-तीन पेरांची फांदी खोचली की फुटते, फक्त मुळाशी पाणी साचू देऊ नका. पांढरी फुलं येतील, आत जांभळट रेघा आणि जबडा उघडलेल्या सिंहासारखा आकार, म्हणून याला सिंहास्यही म्हणतात. फुलं बघून खात्री पटली नाही तर फांदी घेऊन या, आम्ही बघून सांगतो.