हाडातलं कॅल्शियम मोजायला दोन क्ष-किरण का लागतात?

फोंड्यात, म्हापशात हाडांच्या तपासणीची मोफत शिबिरं अधूनमधून भरतात. शेजारच्या मावशी अशाच एका शिबिरातून चिठ्ठी घेऊन आल्या. टाचेला जेल लावून यंत्राने मिनिटाभरात छापून दिलेली: टी-स्कोअर (हाडांची घनता निरोगी तरुणांच्या तुलनेत कुठे आहे तो आकडा) उणे 2.7. तेव्हापासून पडायच्या धास्तीने त्या तुळशीला पाणी घालायलाही अंगणात उतरेनात. मला राग आला तो त्या चिठ्ठीचा. टाचेचं यंत्र ध्वनिलहरींचं. लहरी हाडातून किती वेगाने जातात, किती क्षीण होतात, एवढंच ते पाहतं. त्यावरून धोक्याचा अंदाज बांधता येतो. पण जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारासाठी आखलेली उणे 2.5 ची सीमारेषा त्या आकड्याला लावता येत नाही. निदानासाठी खुबा आणि कंबरेचे मणके यांचा डेक्सा स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांनी हाडातलं खनिज मोजणारी तपासणी, लागतो.

हे डेक्सा प्रकरण मुळातून समजून घेण्यासारखं आहे. खुब्यावर मांस असतं, चरबी असते. पलीकडे क्ष-किरण कमी पोचले, तर ते हाडाने अडवले की जाड मांडीने? एका मापात हे कळणं शक्यच नाही. म्हणून डेक्सा कमी आणि जास्त अशा दोन ऊर्जांचे किरण सोडतो. जास्त ऊर्जेचे किरण मुख्यतः इलेक्ट्रॉनांवर आदळून विखुरतात, आणि ग्रॅममागे इलेक्ट्रॉन मांसात काय, हाडात काय, जवळपास सारखेच. कमी ऊर्जेच्या किरणांना मात्र अणू गिळून टाकतात, आणि हे गिळणं अणुक्रमांकाच्या साधारण घनाने वाढतं. मांसातल्या ऑक्सिजनचा अणुक्रमांक 8, हाडातल्या कॅल्शियमचा 20. अडीचचा घन, म्हणजे वजनास वजन सुमारे पंधरा पट! दोन्ही मापांचे लॉगॅरिथम घेतले की दहावीतली दोन चलांची दोन समीकरणं उरतात: एक चल हाडातलं खनिज, दुसरं मांस. चरबी हे तिसरं चल मध्ये येतंच. त्यासाठी शेजारच्या, हाड नसलेल्या भागावरून मांस-चरबीचं प्रमाण काढतात आणि तेच हाडावरच्या भागाला लावतात.

उत्तर मिळतं चौरस सेंटिमीटरमागे ग्रॅममध्ये. हाडाची जाडी या सपाट चित्रात कळत नाही, त्यामुळे लहान चणीच्या बाईचं हाड आहे त्याहून विरळ भासतं. उलट सत्तरीत मणक्यांवर वाढलेलं हाडही खनिज म्हणून मोजलं जातं आणि कंबरेचा आकडा उगाच चांगला येतो. तेव्हा खुब्याचा आकडा बघायलाच हवा. टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुणांच्या सरासरीपासून आपण किती प्रमाण विचलनं (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) दूर आहोत ते.

तांब्याचं कडं किंवा चुंबकाचा पट्टा घालून यातला एक मिलिग्रॅमही वाढत नाही. ते पैसे वाचवा. किरणांचीही धास्ती नको, मात्रा अगदी थोडी असते. पासष्टी ओलांडलेल्या बायकांनी, साध्या पडण्याने हाड मोडलेल्यांनी, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून डेक्सा करून घ्यावा. त्या दिवशी सकाळी कॅल्शियमची गोळी घेऊ नका. पोटात न विरघळलेली गोळी मणक्यांच्या हिशेबात धरली जाऊ शकते. पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करा, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.